रक्त येतंय तिथंच घासा

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक काका आले. ऊसवाले, पंचावन्नच्या पुढचे. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी खिशातून कॅरीबॅग काढली आणि आपला ब्रश माझ्या हातात ठेवला. नंबर लावताना आमची मदतनीस सगळ्यांना सांगते, 'येताना घरचा ब्रश घेऊन या.' ब्रश बघितला की निम्मं निदान तिथंच होतं. काकांचा ब्रश जुन्या खराट्यासारखा दोन्हीकडे फिस्कारलेला, आणि बुडाशी वाळलेली पेस्ट चुन्यासारखी घट्ट बसलेली.

"म्याडम, उजवीकडं रगात येतंय. म्हणून तिकडं ब्रशच लावत न्हाई. आठ म्हैनं झालं."

मी त्यांच्या हातात आरसा दिला. डावीकडची हिरडी बरी होती. दाताला चिकटून बसलेली, संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक ठिपके असलेली. उजवीकडची फुगलेली, चकचकीत, जांभळट लाल. दोन दातांच्या मधे हिरडीचं टोक निमुळतं असायला हवं, ते गोळीसारखं गोल झालेलं. हिरडीच्या कडेनं मी बोथट टोकाची सळई हलकेच फिरवली. सळई पुढं जाते तोवर मागं रक्ताची बारीक रेघ उमटली.

"बगा, म्हणूनच हात लावत न्हाई," काका म्हणाले.

सातारा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात मी बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय. हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतंच. रक्त येतं म्हणून घासायचं सोडलं, असं प्रत्येकाला वाटतं. होतं ते उलटं: नीट घासलं जात नाही म्हणून रक्त येतं. मग घाबरून तेवढीच जागा सोडली जाते, तिथं घाण वाढते, रक्त वाढतं. एकदा या चक्रात सापडलं की माणूस वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि शेवटी हलणारा दात घेऊन माझ्याकडे येतो.

आधी रक्त का येतं ते

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून बघा. बुळबुळीत लागतं. नखानं खरवडलं तर पांढरट, मऊ साय निघते. ही जंतूंची साय. ती हिरडीच्या कडेशी साचली की शरीर तिकडे जादा रक्त पाठवतं, हिरडी सुजते आणि तिच्या आतल्या बाजूचं अस्तर इतकं नाजूक होतं की ब्रशचा केस लागला, पेरू चावला, तरी फुटतं.

याचा पुरावा 1965 सालचा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण प्रयोग अगदी साधा होता. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए या संशोधकानं चांगल्या हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. औषध नाही, गोळी नाही.

साय रोज निघाली नाही तर थुंकीतले क्षार तिच्यात बसतात आणि तिचा दगड होतो. आमच्याकडे त्याला किटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सगळ्यात जास्त सापडतं, कारण लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात. किटण ब्रशनं निघत नाही. सेफ्टी पिनेनं तर मुळीच नाही. पिनेनं टोकरून हिरडीत पू करून आलेले लोक मी पाहिलेत.

इथवर सगळं भरून येण्यासारखं असतं. पण सूज वर्षानुवर्षं राहिली की ती खाली उतरते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, हिरडी आणि दात यांच्यामधे खिसा तयार होतो. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हा. काकांच्या हिरडीवर फिरवली त्या सळईवर मिलिमीटरच्या खुणा असतात, खिशात ती किती खोल जाते ते त्यावरून कळतं. 3 मिमीपर्यंत ठीक, 4च्या पुढं गेली की मी गंभीर होते. काकांच्या उजव्या दाढेपाशी 6 होते. झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, आहे तेवढं राखता येतं.

एक खुलासा करून टाकते. आपल्याकडे कितीतरी जणांच्या हिरड्या मुळातच काळपट किंवा डाग असलेल्या असतात. तो कातडीसारखाच रंग आहे, रोग नव्हे. बघायचं ते सूज, चकाकी आणि रक्त.

ब्रश कसा फिरवायचा

मेडिकलमध्ये जाऊन 'सॉफ्ट' लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश घ्या. 'हार्ड'नं दात जास्त स्वच्छ होतात हा समज भांडी घासण्यातून आलेला असावा. तीन महिन्यांनी बदला, केस त्याआधी फिस्कारले तर लगेच. आणि महिन्याभरातच फिस्कारत असतील तर तुम्ही जोर जास्त लावताय.

बहुतेक लोक ब्रश खुरप्यासारखा मुठीत धरतात. पेनासारखा बोटांत धरा, जोर आपोआप निम्मा होतो. आता आरशासमोर उभे राहा. ब्रशचे केस निम्मे दातावर, निम्मे हिरडीच्या कडेवर, असे तिरके टेका. साधारण 45 अंश. वरच्या दातांना केसांची टोकं वर बघतील, खालच्या दातांना खाली. टेकवल्यावर ब्रश ओढायचा नाही. जागच्या जागी थरथरवायचा, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात मागं-पुढं. मनात भरभर दहा अंक मोजा. मग केस हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून आणा आणि पुढच्या दोन दातांवर जा. रेल्वेच्या डब्यासारखा इकडून तिकडे सरकवायचा नाही, त्यानं दातांच्या मुळाशी खाचा पडतात.

क्रम ठरवून घ्या म्हणजे जागा सुटत नाही. मी वरची उजवी शेवटची दाढ, बाहेरून, तिथून सुरुवात करते आणि फिरत फिरत खाली येते. मग तोच फेरा आतून. खालच्या पुढच्या दातांना आतून ब्रश आडवा बसत नाही, तो उभा धरून टोकाचे केस वापरा. सगळ्यात शेवटच्या दाढेच्या मागं जाताना तोंड मोठं उघडू नका, अर्धवट मिटा, गाल सैल पडतो आणि ब्रश आत जातो. हे एवढं सांगितलं तरी निम्म्या लोकांचं काम होतं.

सगळं धरून दोन मिनिटं. घड्याळ लावून बघा, किती लांबलचक वाटतात ती. दिवसातून दोन वेळा, आणि दोनातली एकच जमणार असेल तर रात्रीची. झोपेत लाळ कमी होते, जंतूंना मोकळं रान मिळतं. पेस्ट मटाराएवढी पुरे. जाहिरातीतल्यासारखी लाट काढायची गरज नाही.

जिथून रक्त येतं तिथं दहाच्या ऐवजी वीस मोजा. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, बेसिन गुलाबी होईल. येऊ दे. हात हलका ठेवा आणि चालू ठेवा. आठवड्यानं कमी होतं, दोन आठवड्यांत बहुतेकांचं थांबतं. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही तर आत दगड आहे किंवा दुसरं काही कारण आहे, तेव्हा दवाखान्यात या.

दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही आणि हिरडीचा आजार सुरू होतो बहुधा तिथूनच. फटी बारीक असतील तर दोरा, म्हणजे फ्लॉस. तो हिरडीत खचकन घुसवायचा नाही. करवतीसारखा हलवत उतरवायचा, मग एका दाताला मिठी मारून वर-खाली, मग दुसऱ्याला. फटी मोठ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशची बारकी आवृत्ती मिळते, ती जास्त सोपी. चाळिशीनंतरच्या माझ्या पेशंटना मी दोऱ्यापेक्षा हाच ब्रश देते. दोऱ्याचं कौतुक पुस्तकात खूप आहे, पण गावात तिसऱ्या दिवशी तो कपाटात जातो हा माझा अनुभव.

गुळण्या, तुरटी आणि मेडिकलच्या गोळ्या

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, बरं वाटतं, सूज थोडी उतरते. तुरटीनं रक्त थांबतं हे खरं, ती आकसवते. पण दाढी करताना कापलं तर जशी लावतो तसंच हे, साय जिथल्या तिथंच राहते. हळद-तेल लावा, नुकसान नाही. तेल तोंडात खुळखुळवणं घासण्याच्या वर जोडीला असेल तर असू दे. लिंबू आणि खायचा सोडा दातांवर चोळू नका. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, खरखरीत लाल मंजन हे सगळं बंद. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून कुंचा नीट मऊ केला तर चालते, पण आतल्या बाजूला ती वळत नाही.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश चांगला आहे, मी देते. पण तो 0.2 टक्क्यांचा, 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि फार तर दोन आठवडे. पेस्ट आणि तो यांच्यात अर्धा तास अंतर ठेवा, नाहीतर पेस्टमधला साबण त्याला निकामी करतो. जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग बसतात, चहा पिणाऱ्यांच्या जास्तच, आणि जेवणाची चव बदलते. एक आजी वर्षभर तोच वापरत होत्या आणि सुनेच्या भाजीला नावं ठेवत होत्या.

मेडिकलमधून 'हिरडीच्या' म्हणून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेण्याची चाल फार आहे. सूज उतरते, महिन्यानं परत येते, कारण दगड जागेवरच. त्यात मेट्रोनिडॅझोल असेल तर वरून दारू प्यायल्यास उलट्या आणि धडधड होऊ शकते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

आणि व्हिटॅमिन सी. चघळायच्या नारिंगी गोळ्या सगळ्यांना हव्या असतात. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरनं जहाजावरच्या 12 आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्यानं उठले. ती स्कर्व्ही होती, त्यात हिरड्या फुगून रक्त येतंच. पण ते खलाशी महिनोन्‌महिने ताजं काही न खाता समुद्रावर होते. ज्याच्या ताटात पेरू, आवळा, टोमॅटो, कोथिंबीर येते त्याच्या रक्ताचं कारण सहसा ते नसतं. नुसत्या चहा-बिस्किटावर राहणारी एकटी म्हातारी माणसं मात्र मी याबाबतीत नक्की विचारून बघते.

'क्लीनिंग केलं की दात हलतात'

हे ऐकलं नाही असा दिवस जात नाही. माझ्या सख्ख्या आत्यानंही हेच सांगून मला पाच वर्षं टाळलं. होतं असं: हाड झिजून दात आधीच हलत असतात, पण त्यांच्याभोवती दगडाचा पट्टा असतो, शेजारच्या दातांना जोडून. दगड काढला की खरी परिस्थिती दिसते. फटीही तशाच. फटीत भरलेला दगड गेला की जीभ तिथं जाते आणि 'मशीननं दात घासून फट पाडली' अशी तक्रार येते. मशीन पाण्याच्या फवाऱ्यात वेगानं थरथरतं, त्यानं दगड सुटतो; नीट वापरलं तर दात झिजत नाही. काढलेला दगड मी पेशंटला कापसावर दाखवते. आत्या तो बघून म्हणाली, "एवढा माझ्या तोंडात होता? आणि मी लाडू वळत होते!"

नंतर दोन-चार दिवस गार पाणी झिणझिणतं, ते धरून चाला. खिसे खोल असतील तर भूल देऊन मुळापर्यंत साफ करावं लागतं, दोन ते चार बैठकांत. मग सहा महिन्यांनी तपासणी. मधुमेह असेल तर तीन-चार महिन्यांनी. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, इथं खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. वेळ हाताशी ठेवून जा.

आजीची मिश्री

माझी आजी कऱ्हाडच्या बाजारातून तंबाखू आणायची आणि चुलीवरच्या तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. त्या दिवशी घरातले सगळे ठसका लागून अंगणात. मग कुटून, फडक्यातून गाळून पितळी डबीत. सकाळी डावं बोट डबीत, मग हिरडीवर, आणि उकिडवं बसून अर्धा तास तंद्री. मिश्री लावल्याशिवाय तिला परसाकडं होत नसे. मी कॉलेजातून आले की ती मला खिजवायची: "तुज्या त्या पुस्तकातलं रगात माज्या हिरडीला कदी ठिपूसभर आलं न्हाई."

आणि ते खरं होतं. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी सुजली तरी रक्त येत नाही. रक्त म्हणजे शरीरानं मारलेली हाक. तंबाखू ती हाकच दाबून टाकते. आतल्या आत हाड जात राहिलं आणि साठीच्या आत आजीच्या तोंडात चार दात उरले, एकदाही रक्त न येता.

तेव्हा मिश्री, मशेरी, गुटखा, सिगारेट, बिडी घेणाऱ्यांनी 'मला रक्त येत नाही' यावर विसंबू नये. आणि सोडल्यावर काही आठवडे रक्त वाढलंय असं वाटेल. ते बिघडणं नव्हे, हिरडीत रक्त पुन्हा खेळू लागल्याची खूण आहे. या टप्प्यावर बायका 'सोडली आणि त्रास सुरू झाला' म्हणून परत डबीकडे वळतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. सोडायला मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइनचा 1800-11-2356 हा नंबर फुकट आहे. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ते रक्त येण्याच्या यादीत धरू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

कारण तोंडाबाहेर असतं तेव्हा

माझ्या पहिल्या बाळंतपणात, पाचव्या महिन्यात, ब्रशला रक्त दिसलं आणि दात घासायला शिकवणारी मीच घाबरले. गरोदरपणात हार्मोन वाढतात आणि थोड्याशा सायीलाही हिरडी जास्त चिडते. उलट्यांच्या दिवसांत मी ब्रश तोंडात घालायचा टाळत होते, ती साय साचलेली होतीच. स्वतःचंच वर लिहिलेलं सगळं केलं, चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सोयीच्या काळात मैत्रिणीकडून किटण काढून घेतलं. उलटी झाल्यावर लगेच घासू नका, आम्लानं दाताचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो. आधी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या तासानं ब्रश. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या हिरड्याही अशाच हार्मोननं फुगतात; दातांना तारा लावलेल्या असतील तर जास्तच.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर चढी असेल तर हिरडी भरून येत नाही, आणि हिरडीची सूज साखर उतरू देत नाही. हिरडीचे उपचार नीट झाले की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा खाली येतो. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाच्या हिरडीत एकदम गळू येऊ लागली की मी आधी लॅबची चिठ्ठी देते.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, असिट्रॉम अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त वेळ वाहतं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, कधीच. चिठ्ठी घेऊन या, मी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलते. फिटवरची फिनिटोइन किंवा रक्तदाबाची अॅम्लोडिपिन यांनी काहींची हिरडी दातावर चढते. तेही सांगा, गोळी बदलता येते.

पावसाळ्यात ताप आहे, अंग मोडून आलंय आणि हिरडीतून रक्त येतंय, तर दातांच्या डॉक्टरकडे येऊच नका. डेंग्यूत हे धोक्याचं लक्षण आहे, थेट रुग्णालय गाठा. तापाला अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. तसंच दात स्वच्छ असून रक्त आपोआप येतंय, थांबत नाही, अंगावर न लागता निळे डाग उठताहेत, थकवा आहे, हिरड्या एकाएकी फुगल्यात, अशा वेळी रक्ताची तपासणी आधी. एका कॉलेजच्या पोराला मी किटण न काढता सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीला पाठवलं होतं. रिपोर्टनंतर तो थेट पुण्याला गेला.

काका बारा दिवसांनी आले. नवा ब्रश, केस सरळ. साखर जेवणाआधीची 190 निघाली होती, ती त्यांना माहीतच नव्हती. गोळी सुरू झालेली. पुढच्या दातांचं रक्त थांबलेलं, त्या दाढेपाशी अजून येत होतं. भूल देऊन उजवी बाजू मुळापर्यंत साफ केली, दाढेच्या मागं ब्रश कसा न्यायचा ते त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली. त्यांनी खिशातली वही काढून ती ऊसतोडीच्या हिशोबाखाली लिहून घेतली आणि विचारलं, "येताना ब्रश आणायचा न्हवं?"